हातातले कौशल्य, कागदावरची मान्यता

दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि भीमेकाठचे दौंड जंक्शन बनले. रेल्वेबरोबर कौशल्य जोखण्याची नवी रीतही आली. सुताराचा मुलगा घरीच काम शिके आणि गाव त्याची पारख करी. इंजिनावर मात्र पायऱ्या ठरलेल्या होत्या : क्लीनर, फायरमन, शंटर, मालगाडीचा ड्रायव्हर, त्यानंतर प्रवासी गाडी.

यांपैकी फायरमनचे काम पाहू. नुसता कोळसा टाकून भागत नसे. तो भट्टीत सारखा पसरावा लागे, चढ येण्यापूर्वी वाफेचा दाब वाढवून ठेवावा लागे. काचनळीतील पाण्याच्या पातळीवरून नजर हटवून चालत नसे. भट्टीच्या छतावरचे पाणी आटले, की धातूचा पत्रा तापून मऊ पडतो आणि बॉयलर फुटू शकतो. हे ज्ञान केवळ पुस्तकातून येत नाही. त्याची खरी कसोटी कामावरच लागते.

रीत शास्त्रीय होती, पण न्याय्य नव्हती. ब्रिटिश अमदानीत दीर्घकाळ मेल गाड्यांचे ड्रायव्हर प्रामुख्याने युरोपियन आणि अँग्लो-इंडियन असत. हाती कौशल्य असूनही भारतीय कामगाराला वरची पायरी सहसा मिळत नसे. मापदंड सर्वांना सारखा लावला नाही, तर तो मापदंड कसला?

आता दुसरा प्रश्न. ज्याची शाळा सुटली आणि जो कारखान्यातही नाही, त्याचे कौशल्य कोण जोखणार? शेजारच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे मुले अभियांत्रिकी, ऊर्जा, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य ही कामे प्रत्यक्ष करून शिकतात. गावाला लागणाऱ्या वस्तू आणि सेवा पुरवतात. वेल्डिंगचा जोड कच्चा राहिला, तर गिऱ्हाईकच तो परत आणते! तेथील ग्रामीण तंत्रज्ञान पदविकेला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता मिळाली. कामातली कसोटी आणि कागदावरची मान्यता यांची अशी सांगड बसली.

देशपातळीवर २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर झाला. किती वर्षे शिकला यापेक्षा काय करता येते, यावर त्यात भर आहे. कामावर शिकलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची वाटही त्यात आहे.

शिक्षकांनी एक उपक्रम जरूर करावा. विद्यार्थ्यांना गावातील गवंड्याकडे किंवा वेल्डरकडे न्यावे. ‘काम चांगले झाले हे तुम्ही कशावरून ओळखता?’ असे विचारायला सांगावे आणि उत्तरे क्रमवार लिहून घ्यावीत. त्या व्यवसायाचा मापदंड वहीत उतरू लागेल, आणि त्या कारागिराचे ज्ञान कोणाच्या लेखी नव्हते, हेही ध्यानात येईल.