सिम कार्डामागचा करार

परवा जुन्या फोनमधलं सिम काढून नव्या फोनमध्ये घातलं. फोन वेगळ्याच कंपनीचा, पण दोन मिनिटांत तोच नंबर सुरू. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण ही सोय बाजाराने आपोआप दिलेली नाही. त्यामागे अनेक देशांच्या सरकारी खात्यांनी वर्षानुवर्षं घातलेला वाद आणि शेवटी केलेला करार आहे.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीचा युरोप घ्या. ब्रिटनची मोबाइल यंत्रणा वेगळी, पश्चिम जर्मनीची वेगळी, फ्रान्सची तिसरीच. गाडीतला फोन घेऊन सरहद्द ओलांडली की तो नुसता डबा. मोठा अपवाद एनएमटीचा. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड यांनी मिळून ती उभारली आणि या चारही देशांत एकच फोन चालायचा. पण या सगळ्या यंत्रणा अ‍ॅनालॉग होत्या. साधा रेडिओ स्कॅनर असला की कुणीही तुमचं बोलणं ऐकू शकायचं.

१९८२ साली युरोपातल्या टपाल आणि दूरसंचार खात्यांच्या परिषदेने एक गट नेमला, 'ग्रूप स्पेस्याल मोबील'. जीएसएम ही अक्षरं मूळची तिथली. अध्यक्ष होते स्वीडनचे थॉमस हाउग. १९८६ मध्ये पॅरिसला वेगवेगळ्या यंत्रणांच्या चाचण्या झाल्या. १९८७च्या फेब्रुवारीत निवड करायला सगळे मदेराला जमले, तर बहुतेक देश एका बाजूला आणि फ्रान्स व पश्चिम जर्मनी दुसऱ्या बाजूला! आपल्या कंपन्यांचं तंत्र मागे पडावं असं कुणाला वाटेल? अखेर मे महिन्यात बॉनला मंत्र्यांच्या पातळीवर तडजोड झाली आणि ७ सप्टेंबर १९८७ रोजी कोपनहेगनमध्ये १३ देशांनी करारावर सही केली : १९९१ मध्ये सगळ्यांनी एकच यंत्रणा सुरू करायची.

या यंत्रणेत आवाजाचे आकडे होतात. एकाच रेडिओ लहरीवर वेळेचे आठ तुकडे पाडून आठ जणांची बोलणी चालतात, तीही सांकेतिक रूपात. आणि ग्राहकाची ओळख फोनमध्ये नसते, सिममध्ये असते. म्हणजे फोन कुणाचाही घ्या, ओळख तुमच्या खिशात. १ जुलै १९९१ला फिनलंडचे माजी पंतप्रधान हार्री होल्केरी यांनी पहिला जीएसएम कॉल केला. ३१ जुलै १९९५ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना फोन लावला, तो याच यंत्रणेवरून. युरोपात ठरलेल्या नियमावर आपला पहिला मोबाइल बोलला.

जीएसएम म्हणजे काही संतांची दिंडी नव्हती. पेटंटवरून कंपन्यांची भांडणं झाली, सांकेतिक कुलूपही पुढे कच्चं निघालं. पण नियम सामायिक होता, म्हणून हँडसेट बनवणारे वाढले, माल प्रचंड प्रमाणात निघाला आणि फोन स्वस्त झाले. आपल्याकडे सीडीएमएचे फोन आले तेव्हा त्यातल्या अनेकांत सिमच नव्हतं. कंपनी सोडायची तर फोनही सोडा! फरक तेव्हा अनेकांनी अनुभवला असेल.

मला हे आज का आठवावं? एसएमएस कुठल्याही कंपनीच्या नंबरवरून कुठल्याही नंबरवर जातो. चॅट अ‍ॅपचं तसं नाही. समोरचा ज्या अ‍ॅपवर आहे, तिथे तुम्हालाही जावंच लागतं. अ‍ॅप सोडलं तर घरचे, सोसायटीचे, शाळेचे सगळे ग्रुप सुटतात. उलट यूपीआय बघा. तुमचं अ‍ॅप कुठलंही असो, समोरच्या भाजीवाल्याची बँक कुठलीही असो, पैसे पोचतात. कारण तिथे नियम आधी ठरला, दुकानं नंतर थाटली गेली.

स्पर्धा हवीच. पण ग्राहकाला दार उघडून बाहेर पडता येत नसेल तर त्या स्पर्धेचा त्याला काय उपयोग? ते दार उघडं ठेवायचं काम कंपन्या आपणहून करत नाहीत, सरकारांना टेबलावर बसून ते करून घ्यावं लागतं. १९८७ साली ते झालं होतं. आता कुणी बसणार आहे का?