कुंभकोणमचे दिवाण आणि तैलचित्राचे भाग्य

कावेरीकाठच्या कुंभकोणमचे नाव निघाले म्हणजे गोपुरे आणि बारा वर्षांनी येणारे महामहमचे पर्व आठवते. तैलचित्राशी या गावाचा काही संबंध असेल, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. परंतु आपल्या घराघरांत लक्ष्मी-सरस्वतीची जी छापील चित्रे पोहोचली, त्यांच्या इतिहासाचा एक धागा येथे येऊन मिळतो.

तंजावरच्या भोसले राजांच्या आश्रयाने या भागात मराठी घराणी स्थायिक झाली. अशाच एका घराण्यात १८२८ साली कुंभकोणम येथे टी. माधवराव जन्मले. पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी भूषविली. त्रावणकोरात त्यांचा कारभार चालू असताना, १८६२ साली, किलिमानूरचा चौदा वर्षांचा रविवर्मा त्रिवेंद्रमच्या राजवाड्यात आला. तैलरंगाची विद्या तेव्हा दुर्मिळ होती. दरबारी चित्रकाराने ती शिकविण्याचे नाकारले. येन्सन या युरोपीय चित्रकाराने केवळ काम पाहू दिले, असे चरित्रकार सांगतात. पाहून पाहूनच रविवर्म्याने ती आत्मसात केली.

परंतु तैलचित्र एकच असते, आणि ते धनिकाच्या दालनात अडकून पडते. १८८४ साली माधवरावांनी रविवर्म्यास लिहिले, की अनेकांना आपली चित्रे हवी आहेत. दोन हातांनी एवढी मागणी पुरी होणे नाही. तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून छापून घ्यावीत. चित्रकलेच्या प्रश्नाकडे पाहण्याची ही कारभाऱ्याची दृष्टी होती.

हा सल्ला दहा वर्षांनी फळास आला. १८९४ साली मुंबईत छापखाना निघाला आणि १८९९ साली तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. प्रत्येक रंगासाठी निराळा शिळेचा ठसा घेऊन, वर रोगणाचा हात देऊन तेथे चित्रे निघत. दादासाहेब फाळके यांनीही तेथे काही काळ काम केले.

मूळ चित्रातील रंगांची खोली छापात उतरली नाही, हा रसिकांचा आक्षेप खरा आहे. तथापि, ज्यांना राजवाड्याची पायरीही चढता येत नव्हती, त्यांच्या भिंतीवर ते चित्र आले, हेही तितकेच खरे. माधवराव १८९१ साली निवर्तले. तो छापखाना त्यांनी पाहिला नाही. चांगल्या कारभाऱ्याच्या वाट्याला बहुधा पेरणीच येते. पीक दुसऱ्यांच्या घरी जाते.