सॉफ्टवेअर खरेदी, शासकीय

शासनाने कामकाजासाठी संगणकप्रणाली कंत्राटदाराकडून बनवून घेण्याची आणि पुढे चालवून घेण्याची पद्धत. तिचा साचा बांधकामाच्या कंत्राटाचा आहे : गरजांची यादी आधीच पूर्ण करायची, निविदा मागवायच्या, पात्र निविदाकारांतील सर्वांत कमी दराचा (एल-वन) निवडायचा आणि ठरल्या तारखेला काम ताब्यात घ्यायचे. खरेदी फसली की खापर बहुधा कंत्राटदारावर फुटते. गाजलेल्या प्रकरणांची चौकशी मात्र वेगळे सांगते : आपण काय विकत घेतो आहोत हे समजणारी आणि वेळीच ‘थांबा’ म्हणू शकणारी माणसे खरेदीदाराकडेच नसतात.

कॅनडाच्या केंद्र सरकारची ‘फीनिक्स’ वेतनप्रणाली हे याचे बारकाईने तपासले गेलेले उदाहरण. सुमारे चाळीस वर्षे जुनी प्रणाली बदलण्याचे कंत्राट 2011 मध्ये आयबीएमला मिळाले. प्रश्न 101 खाती व संस्थांतील सुमारे 2,90,000 कर्मचाऱ्यांच्या पगाराचा आणि 80,000 हून अधिक वेतननियमांचा होता. 2012 मध्ये कंपनीने 27.4 कोटी डॉलर खर्चाचा अंदाज दिला. मंजुरी होती 15.5 कोटींची. प्रकल्प राबवणाऱ्या खात्याने वाढीव निधी मागण्याऐवजी कामालाच कात्री लावली. 984 पैकी शंभराहून अधिक कार्ये वगळली गेली. त्यांत पूर्वलक्षी वेतनवाढीचा फरक काढण्याची सोयही होती. एका खात्यात आधी चालवून पाहण्याचा बेत रद्द झाला. नियम तोंडपाठ असलेल्या सुमारे 1,200 वेतन-सल्लागारांची पदे गेली आणि त्यांच्या जागी मिरामिशी येथील वेतन-केंद्रात जेमतेम 550 जण उरले. फेब्रुवारी 2016 मध्ये फीनिक्स सुरू झाली आणि कुणाला कमी, कुणाला जास्त, तर कुणाला पगारच मिळेना. महालेखापरीक्षक मायकेल फर्ग्युसन यांच्या 2018 च्या अहवालाने मुख्य ठपका ठेवला तो अंदाजपत्रक व मुदत सांभाळण्यासाठी प्रणालीच्या गरजांकडे काणाडोळा करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांवर.

भारतात 7 जून 2021 रोजी प्राप्तिकराचे नवे ई-फायलिंग पोर्टल सुरू झाले आणि पहिल्या दिवसापासून अडखळू लागले. अर्थमंत्र्यांनी ते बनवणाऱ्या इन्फोसिस कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारला. विवरणपत्रांची मुदत वाढवावी लागली. कंपनीची जबाबदारी होतीच. पण जुने पोर्टल बंद करून देशभरातील करदात्यांसाठी नवे एकदम उघडायचे, हा निर्णय खरेदीदाराच्या अखत्यारीतला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने विशिष्ट खरेदीत दराबरोबर गुणवत्तेलाही कमाल 30 टक्के भार देण्याची मुभा दिली. सुधारणा स्वागतार्ह असली तरी गुण देणाऱ्या समितीला सॉफ्टवेअर कळत नसेल, तर तिला गुळगुळीत सादरीकरण आणि कसदार काम यांतला फरक करता येणार नाही.

खरेदीदाराकडे जाणकार नेमून निवड त्यांच्या पारखीवर सोपवावी, यावर पहिला आक्षेप असा की, एल-वनची शिस्त सैल केली तर मर्जीतल्यांना कंत्राटे मिळतील. भीती रास्त आहे, कारण सर्वांत कमी दर लेखापरीक्षणात सहज सिद्ध करता येतो. मात्र काम छोट्या टप्प्यांत विभागून, प्रत्येक टप्प्यावर चालणारी प्रणाली दाखवल्यावरच बिल मंजूर केले, तर तपासणीला कागदी पूर्तता-प्रमाणपत्रापेक्षा भक्कम पुरावा मिळतो. दुसरा आक्षेप पगाराचा : सरकारी वेतनश्रेणीत चांगले अभियंते येणार नाहीत. ब्रिटनने 2011 मध्ये ‘गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिस’ आणि अमेरिकेने, आरोग्यविम्याच्या संकेतस्थळाची 2013 मध्ये नाचक्की झाल्यावर, 2014 मध्ये ‘यू. एस. डिजिटल सर्व्हिस’ उभारून अशी माणसे सरकारात आणता येतात हे दाखवले. शिवाय गरज हजारोंची नाही. कंत्राटदाराचा कोड वाचू शकणारी आणि अपुरे काम नाकारण्याचा अधिकार असलेली मोजकी माणसे पुरतात. खासगी कंपन्यांचेही प्रकल्प बुडतात, हा तिसरा मुद्दा खरा आहे. पण तिथला नाराज ग्राहक दुसरीकडे जातो. करदात्याला दुसरे प्राप्तिकर खाते नसते. म्हणून निविदेच्या अटी वाढवत नेण्यापेक्षा, निविदा काढणाऱ्या खात्यात जाणकार नेमणे ही या खरेदीतील पहिली सुधारणा ठरते.