साचा आणि स्पर्श : पट्ट्यांच्या वाद्यांतील निवडीचा ऐतिहासिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

पूर्वी कुलाबा व १९८१ पासून रायगड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात, पेण तालुक्यात, हमरापूरच्या परिसरात जोहे हे गाव वसलेले आहे. तेथील गणेशमूर्तींचे कारखाने महाराष्ट्रात सर्वपरिचित आहेत. एका साच्यातून अनेक मूर्ती निघतात. परंतु साच्यातून निघालेली मूर्ती ही पुरी झालेली मूर्ती नव्हे. तिचे सांधे घासून घ्यावे लागतात, तिला रंग द्यावा लागतो, आणि अखेरीस डोळ्यांची आखणी कसबी हातानेच करावी लागते. साच्याने काय ठरविले आणि हाताकडे काय राखले, हा विभाग त्या धंद्यातील माणसास समजावून सांगावा लागत नाही. संगीतातील एका वाद्यवर्गाच्या बाबतीत मात्र हाच विभाग स्पष्टपणे मांडण्याची गरज आहे.

हा वर्ग म्हणजे पट्ट्या दाबून वाजविण्याच्या वाद्यांचा होय. बीन, सतार, सारंगी या वाद्यांत वादकाचे बोट तारेवर स्वराची जागा स्वतः शोधते. पट्ट्यांच्या वाद्यांत स्वर अगोदरच सिद्ध असतो. वादक त्यास केवळ जागा करतो. या वर्गातील अगदी अलीकडील प्रकारात तर हे तत्त्व टोकास गेले आहे. उत्तम पियानोचा एकेक स्वर निरनिराळ्या जोरांवर ध्वनिमुद्रित करून संगणकात साठविला जातो, आणि ज्यास स्वतःचा आवाज नाही अशा स्वतंत्र कीबोर्डाने तो वाजविला जातो. असा कीबोर्ड निवडताना त्याच्या पट्ट्या वजनदार असाव्यात की हलक्या, हा प्रश्न आता संगीतशाळांपुढे व विद्यार्थ्यांपुढे उभा राहतो. वरवर पाहता तो बाजारातील खरेदीचा प्रश्न दिसतो. परंतु महाराष्ट्रात पट्ट्यांच्या वाद्यांसंबंधी शतकाहून अधिक काळ जो विचार व जो वाद झाला त्याच्याशी तो जोडून पाहिल्यास त्याचे खरे स्वरूप ध्यानात येते.

२. पेटी व ऑर्गन

युरोपात १८४० च्या सुमारास पॅरिस येथे आलेक्सांद्र दबॅं याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. भारतात आलेले हे वाद्य प्रथम पायाने भाता हलविण्याचे होते. कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनी १८७५ मध्ये स्थापन केलेल्या द्वारकिन या पेढीने पुढील दशकात त्याचे हातपेटीत रूपांतर केले, आणि जमिनीवर बसून गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांच्या बैठकीत ते सामावून गेले.

महाराष्ट्रात या वाद्याचा प्रसार होण्यास संगीत नाटक फार मोठे कारण झाले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. पुढील काही दशकांत सारंगीच्या जोडीस, आणि पुष्कळदा तिच्या जागीही, पेटी व पायाचा ऑर्गन यांनी स्थान मिळविले. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्या कलावंताने पेटीस साथीच्या वाद्यापलीकडची प्रतिष्ठा मिळवून दिली. १९११ च्या ‘मानापमान’ नाटकास चाली देणारा संगीतकार हा मुळात पेटीवादक असावा, ही गोष्ट त्या वाद्याने मराठी संगीतात केलेल्या शिरकावाची द्योतक आहे. याहून बोलका पुरावा भाषेतच सापडतो. आपला आधारस्वर सांगताना गायक आजही ‘काळी एक’, ‘काळी चार’, ‘पांढरी पाच’ असे म्हणतात. ‘पट्टी’ या शब्दाने वाद्याचा अवयव आणि गळ्याची उंची या दोहोंचा बोध होतो. ज्या वाद्यास अभिजात संगीताच्या अभ्यासकांनी कसून विरोध केला, त्याच वाद्याने गायकांच्या परिभाषेत असे ठाण मांडले.

येथे पेटीच्या रचनेतील एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. पेटीची पट्टी म्हणजे हवेच्या वाटेवरील झाकण उघडणारी तरफ होय. ती हळू दाबली काय नि जोराने दाबली काय, सूर सामान्यतः तितकाच वाजतो. त्याचा लहानमोठेपणा भात्यातील हवेच्या दाबावर अवलंबून असतो. म्हणजे हातपेटीत उजव्या हाताकडे स्वरांची निवड व गती, तर डाव्या हाताकडे आवाजाचा चढउतार, अशी कामाची वाटणी झालेली असते. पायाच्या ऑर्गनमध्ये दोन्ही हात मोकळे होतात आणि भात्याचे काम पायांकडे जाते. या दोहोंपैकी कोणत्याही प्रकारात बोटास जोर मोजण्याची शिकवण मिळत नाही. पेटीवादकाचे भावदर्शन भात्यात असते, आणि जाणता श्रोता ते तेथेच ऐकतो.

३. वादाचा रोख

पट्ट्यांच्या वाद्यावर जो आक्षेप घेण्यात आला तो मुख्यत्वे स्वरांच्या स्थिरपणाविषयी होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगांस अब्दुल करीम खाँ यांचे साहाय्य होते. देवलांच्या विचाराचा पुरस्कार सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी केला, आणि श्रुतींप्रमाणे सूर लावलेली पेटी तयार झाली. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती मांडण्यात आली. परंतु तीवर वाद होऊन तिला सर्वमान्यता लाभली नाही. पुढे १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. तत्पूर्वी जॉन फोल्ड्स या संगीतकाराने या वाद्याविरुद्ध लिहिलेल्या लेखाची त्या संदर्भात नेहमी आठवण केली जाते. ही बंदी १९७१ मध्ये अंशतः उठविण्यात आली.

आक्षेपकांचे मुख्य मुद्दे दोन होते. पेटीचे बारा स्वर समान अंतरांवर लावलेले असल्याने रागातील सूक्ष्म श्रुतिभेद त्यांत बसत नाहीत, हा पहिला. आणि दोन स्वरांमधील अखंड मींड पेटीस घेता येत नाही, हा दुसरा. दोन्ही मुद्दे यथार्थ आहेत. परंतु त्यांपैकी पहिला साच्यासंबंधी आहे, तर दुसरा हातासंबंधी. श्रुतिपेटीच्या पुरस्कर्त्यांनी साचा अधिक सूक्ष्म केला. हाताकडे मात्र काहीच नवे सोपविले नाही. बावीस श्रुती ठरवून दिल्या तरी त्या ठरलेल्याच राहिल्या, आणि गायकाचा गळा ज्या हालचालीने एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जातो ती हालचाल पट्टीवर उतरली नाही. साच्यातील दोष साचा सुधारून दूर होतो. हाताच्या वाटणीतील उणीव त्या मार्गाने भरून निघत नाही. या वादाचा हा धडा पुढील विवेचनास उपयोगी पडणारा आहे.

४. पियानोतील हाताचे काम

पियानोचा जनक बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथे जे वाद्य सिद्ध केले त्याचे वैशिष्ट्य असे की, बोटाच्या जोराप्रमाणे त्याचा आवाज मृदू वा तीव्र होत असे; त्यावरूनच त्यास पुढे ‘पियानो-फोर्ते’ हे नाव मिळाले. पट्टी दाबली की तरफांच्या मालिकेतून एक हातोडी तारेकडे फेकली जाते. तारेस स्पर्श होण्यापूर्वी क्षणभर ही हातोडी पट्टीपासून सुटते आणि उरलेले अंतर आपल्या वेगाने कापते. त्यानंतर वादकाने पट्टी कितीही दाबून धरली तरी आघातात बदल होत नाही. हातोडीचा वेग, पट्टी सोडण्याची वेळ आणि पायाच्या पेडलचा उपयोग एवढेच वादकाच्या स्वाधीन असते.

तात्पर्य, पियानोत पट्टीचे वजन आवाज निर्माण करीत नाही. वादकास आपला वेग मोजता यावा म्हणून ते उपयोगी पडते. मध्यसप्तकातील पट्टी खाली जाण्यास साधारण पन्नास ग्रॅम वजन लागते, आणि ती सुमारे दहा मिलिमीटर खाली जाते. एवढ्याशा अंतरात बोटाने वेगाचे असंख्य भेद करावयाचे असतात, आणि समोरून येणारा प्रतिकार नसेल तर ते साधत नाहीत. खर्जाच्या हातोड्या मोठ्या असल्याने त्या बाजूच्या पट्ट्या किंचित जड व तारसप्तकाकडील हलक्या असतात. १८२१ मध्ये सेबास्तियाँ एरार याने अशी योजना केली की, पट्टी पूर्णपणे वर येण्यापूर्वीच तीच पट्टी पुन्हा वाजविता यावी. वेगवान पुनरावृत्ती त्यामुळेच शक्य झाली.

५. ध्वनिमुद्रित स्वर आणि निवडीची कसोटी

१९८३ साली निरनिराळ्या कारखान्यांच्या विद्युत्-वाद्यांस एकमेकांशी बोलता यावे यासाठी ‘मिडी’ हा संकेत रूढ झाला. या संकेतात पट्टीचा वेग १ ते १२७ या अंकांनी दर्शविला जातो. पुढील वर्षी, १९८४ मध्ये, रेमंड कर्झवाइल यांच्या वाद्याने ध्वनिमुद्रित पियानोचे स्वर व ८८ वजनदार पट्ट्या एकत्र आणल्या. कालांतराने स्वर संगणकात गेले आणि पट्ट्या वेगळ्या झाल्या. निवडीचा प्रश्न त्यातूनच उत्पन्न झाला.

अशा कीबोर्डात पट्टीखाली दोन वा तीन संपर्कबिंदू असतात. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यास पट्टीस लागलेला वेळ मोजून वेगाचा अंक काढला जातो, आणि त्या अंकास अनुसरून मंद, मध्यम वा तीव्र आघाताचा मुद्रित स्वर निवडला जातो. तिसरा बिंदू असल्यास पट्टी पूर्ण वर न येताही स्वर पुन्हा वाजतो. एरारच्या योजनेचे हे आधुनिक रूप म्हणता येईल. वजनदार पट्ट्यांस आत लहान हातोड्या जोडलेल्या असतात. हलक्या पट्ट्यांस केवळ स्प्रिंग असते.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याच्या बाबतीत येथे एक विशेष अडचण संभवते. त्याचा हात बहुधा पेटीवर घडलेला असतो. स्प्रिंगच्या हलक्या पट्ट्या त्यास ओळखीच्या वाटतात, आणि तो त्यांचीच निवड करतो. परंतु पेटीत जे काम भाता करीत होता ते या वाद्यात बोटावर आलेले असते. भाता नाही आणि बोटास प्रतिकारही नाही, अशा स्थितीत वेगाचे अंक एकतर सारखेच येतात किंवा मनमानी उसळतात. मग कितीही उत्तम पियानोचे स्वर संगणकात भरले तरी ऐकू येतो तो एकाच जोराचा, निर्जीव आवाज. आणि दोष मात्र मुद्रित स्वरांस दिला जातो. श्रुतिपेटीच्या वेळी झाली तीच चूक येथे पुन्हा होते : उणीव हाताच्या वाटणीत असताना सुधारणा साच्यात शोधली जाते.

याच्या उलट टोकाचा आग्रहही तितकाच सदोष आहे. जितकी पट्टी जड तितका कीबोर्ड चांगला, हे म्हणणे टिकत नाही. पट्टीचे वजन, संपर्कबिंदूंची संख्या, आणि वेगाच्या अंकाचा स्वराच्या जोराशी असलेला संबंध या तीन गोष्टींचा मेळ बसला पाहिजे. हा संबंध संगणकात बदलता येतो, आणि प्रत्येक वादकाच्या हातास तो जुळवून घेणे अगत्याचे असते. अतिमृदू आघातापासून अतितीव्र आघातापर्यंत एकच स्वर सावकाश चढवीत नेला असता त्यात पायरी जाणवू नये, ही साधी कसोटी होय. पेडलही केवळ उघडमिट करणारा नसून अर्धा दाबल्याची नोंद घेणारा असावा. ह्या गोष्टी साधत असतील तर ८८ पट्ट्यांचा हट्ट गौण ठरतो. त्या साधत नसतील तर ८८ पट्ट्या असूनही लाभ नाही.

तसेच, ज्या वाद्याचे स्वर वाजवावयाचे त्यावर पट्टीची निवड अवलंबून आहे. संगणकातून पेटीचेच स्वर वाजवावयाचे असल्यास वजनदार पट्टी तानेच्या गतीस अडथळा ठरेल. तेथे हलकी पट्टी योग्य. मात्र भात्याच्या जागी आवाज चढविणारा व उतरविणारा पेडल असलाच पाहिजे.

६. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, पट्ट्यांच्या वाद्यांविषयीचा वाद बहुतांशी साच्याच्या गुणदोषांभोवती फिरत राहिला. बारा स्वर की बावीस, परकीय वाद्य की स्वकीय, खरा पियानो की मुद्रित, हे प्रश्न महत्त्वाचे खरे. परंतु वादकाच्या दृष्टीने त्यांच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न साच्यापलीकडे हाताकडे काय उरते हा आहे. पेटीने हाताकडे भाता ठेवला, आणि टेंबे यांच्यासारख्यांनी तेवढ्यातून कला उभी केली. पियानोने बोटाचा वेग ठेवला. मुद्रित पियानोने आणखी काही नवे दिलेले नाही. तो वेग अंकांत मोजला एवढेच. म्हणून संगीतशाळेने कीबोर्ड घेताना मुद्रित स्वरांच्या कीर्तीकडे पाहण्यापूर्वी विद्यार्थ्याचे बोट त्या पट्टीवर मंद व तीव्र यांतील भेद करू शकते की नाही, हे पाहणे श्रेयस्कर. जोह्याच्या कारखान्यात साचा कितीही रेखीव असला तरी आखणी करणाऱ्याच्या हाती बारीक कुंचला द्यावाच लागतो. वजनदार पट्टीचे प्रयोजनही याहून वेगळे नाही.