झाला : एका अनियमित रूपाची कुळकथा

‘झाला’ हे ‘होणे’ या क्रियापदाचे भूतकाळी रूप. ‘बसणे–बसला’, ‘उठणे–उठला’ या चालीने ते ‘होला’ असायला हवे होते, पण मराठीत तसे रूप नाही. मूळ धातूचे एकही अक्षर ‘झाला’मध्ये दिसत नाही. कारण साधे आहे: ही दोन्ही रूपे वेगवेगळ्या घराण्यांतली आहेत. ‘होणे’ संस्कृत ‘भू’ धातूचे, तर ‘झाला’ ‘जन्’ धातूचे.

‘जन्’पासून संस्कृतात ‘जात’ म्हणजे ‘जन्मलेला’ हे रूप बनते. प्राकृतात मधला ‘त’ गळून त्याचे ‘जाअ’ झाले. पुढे भूतकाळाची खूण म्हणून ‘ल’ जोडला गेला आणि ‘जाला’ तयार झाले. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२, इ.स. १२९०) जुन्या पाठांत ‘जाला’, ‘जालें’ हीच रूपे भेटतात. पेशवाईतल्या मोडी कागदांत ‘जाला’ आणि ‘जाहला’ दोन्ही आढळतात. ‘जाहला’ ही ‘जाला’ आणि ‘झाला’ यांच्यामधली पायरी वाटते: ‘ह’ मागे सरकून ‘ज’मध्ये मिसळला की ‘झ’ ऐकू येतो.

‘गेला’, ‘आला’, ‘केला’, ‘मेला’ ही रूपेही याच रीतीने घडली. ती अनुक्रमे ‘गत’, ‘आगत’, ‘कृत’ आणि ‘मृत’ यांची वंशज आहेत. त्यांपैकी ‘गेला’ची गोष्ट ‘झाला’सारखीच आहे, कारण ‘जाणे’ हे ‘या’ धातूचे आणि ‘गेला’ हे ‘गम्’चे. रोज शेकडो वेळा तोंडी येणारी रूपे नव्या नियमाला सहसा दाद देत नाहीत, म्हणूनच पुष्कळ भाषांतली अनियमितता त्यांच्या सर्वांत साध्या क्रियापदांत साठलेली असते.

स्पॅनिशमध्येही असेच घडले आहे. तिथे ‘फ्वे’ या एकाच रूपाचे ‘होता’ आणि ‘गेला’ असे दोन अर्थ होतात. ‘असणे’चे भूतकाळी रूप ‘जाणे’लाही लागू झाले आणि अर्थ संदर्भावरून ठरू लागला. हे ‘फ्वे’ लॅटिनमार्गे ज्या मूळ धातूपासून आले, त्याचेच संस्कृत रूप ‘भू’. म्हणजे ते मराठी ‘होणे’चे दूरचे भावंड. ‘झाला’चेही एक भावंड स्पॅनिशमध्ये आहे. संस्कृत ‘जात’चा लॅटिन जोडीदार ‘नातुस’, म्हणजे जन्मलेला. ‘जन्मलेली वस्तू’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दप्रयोगातून नकारी वाक्यांत वापरला जाणारा ‘नादा’ निघाला. आज त्याचा अर्थ ‘काहीच नाही’ असा आहे.

भारतातल्या भाषांनी ‘होणे’च्या भूतकाळासाठी वेगवेगळ्या वाटा धरल्या. हिंदीतले ‘हुआ’ थेट ‘भूत’पासून आले. गुजरातीने ‘स्थित’पासून ‘थयो’ घेतले. मराठीने टाळलेले ‘होला’ बंगालीत ‘होलो’ या रूपात नांदते. कोकणीत ‘जालो’, ‘जालें’ ही जुनी रूपे टिकली. शिवाय तिथे वर्तमानकाळही ‘जाता’ असाच आहे, त्यामुळे कोकणीत हे क्रियापद अनियमित राहिलेच नाही.

या वाटा जिथे एकमेकींजवळ येतात अशा भागांपैकी एक म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातला जळगाव जामोद तालुका. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या या तालुक्याची बोली वऱ्हाडी. इथे ‘झालं’ आहेच, आणि ‘झालं होतं’ आटून ‘झाल्तं’ होते. त्याच धर्तीवर ‘गेल्ता’, ‘आल्ता’. पश्चिमेला खानदेशात शिरले की अहिराणीत ‘काय झालं?’ऐवजी ‘काय व्हयनं?’ ऐकू येते, म्हणजे तिथे ‘भू’चेच घराणे भूतकाळातही चालते. उत्तरेला बुऱ्हाणपूरकडे हिंदीचा ‘हुआ’ आहे. याच तालुक्यातल्या डोंगरालगतच्या काही गावांत कोरकू आणि निहाली या भाषा बोलल्या जातात. कोरकू मुंडा कुळातली आहे, तर निहालीचे कुळ अजून कोणत्याच भाषेशी पक्के जुळलेले नाही. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाने तिची नोंद घेतली आणि १९६२मध्ये भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी तिच्यावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. ‘जात’ आणि ‘भूत’ यांची वंशावळ या दोन भाषांना लागू होत नाही.

‘झाला’चे उपयोग पाहताना ‘होता’शी असलेला त्याचा भेद आधी ध्यानात घ्यावा लागतो. ‘होता’ स्थिती सांगतो, ‘झाला’ बदल. ‘ती सरपंच होती’ आणि ‘ती सरपंच झाली’ या वाक्यांतले अंतर एवढेच आहे. ‘त्यांना मुलगी झाली’ या वाक्यात जन्माचा मूळ अर्थ जसाच्या तसा जिवंत आहे. ‘अपघात झाला’मध्ये घटना, ‘स्वयंपाक झाला’मध्ये पूर्तता, तर ‘येऊन दोन वर्षे झाली’मध्ये लोटलेला काळ आहे. ‘ठराव मंजूर झाला’ म्हटले की करणारा पडद्याआड राहतो, म्हणून सरकारी भाषेला हे रूप फार सोयीचे पडते.

रूप भूतकाळाचे असूनही अर्थ दर वेळी भूतकाळाचा नसतो. ‘तो नात्याने माझा मामा झाला’ यात नाते आजचे आहे. दुकानातल्या ‘किती झाले?’मध्ये आत्ताचा हिशेब आहे. ‘झालंच, दोन मिनिटं!’ म्हणणाऱ्याचे काम अजून व्हायचे असते. ‘हे काम झाले पाहिजे’ यात तर केवळ अपेक्षा आहे.

काही ठिकाणी क्रियापदपणही गळून जाते. ‘मेथी, पालक, झालंच तर कोथिंबीर’ यात ‘झालंच तर’ म्हणजे ‘शिवाय’. नुसते ‘झालं!’ हे वैताग, समाधान किंवा विषय संपवणे यांपैकी काहीही सुचवते. नेमके काय, ते सूर ठरवतो. ‘झालंगेलं’ या जोडशब्दात ‘जन्’ आणि ‘गम्’ या दोन धातूंची अनियमित रूपे एकत्र येऊन मागच्या सगळ्याचे नाव बनतात.

लेखनात प्रमाण रूपे ‘झाला, झाली, झाले’ अशी आहेत. संवादात बोलणे जसेच्या तसे उतरवताना ‘झालं’ असा शीर्षबिंदू देतात. ‘जाहला’ आता जुन्या कागदांत आणि मुद्दाम जुन्या वळणाने लिहिलेल्या मजकुरातच दिसते.