'बोहो' घागरा आणि मिठाचे बैल

नवरात्र जवळ आली की आपल्या अँटॉप हिलच्या पोरी मोबाइलवर 'बोहो' शोधायला लागतात. आरसे लावलेला घागरा, नाण्यांचा हार, कवड्यांची पैंजणं, कपड्याचे तुकडे जोडून केलेली पिशवी. घालावं, छान दिसतं. पण हे नाव आलं कुठून आणि कपडा आला कुठून, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

आधी नाव. बोहेमिया हा आजच्या चेक देशातला प्रांत. १५ व्या शतकात रोमा लोकांचे जथे फ्रान्समध्ये पोचले. ते बोहेमियातून आले असं समजून फ्रेंचांनी त्यांना 'बोहेमियन' म्हटलं. पुढे १९ व्या शतकात पॅरिसमधल्या खिसा रिकामा असलेल्या चित्रकार-लेखकांनाही तेच नाव चिकटलं. १८९६ साली पुच्चिनीचा 'ला बोएम' हा ऑपेरा आला आणि नाव जगभर गेलं. १९६० नंतर हिप्पींनी ते अंगावर घेतलं आणि गोव्यापर्यंत आणलं.

गंमत अशी की हे रोमा मूळचे भारतातलेच. साधारण हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज इथून गेले. त्यांच्या भाषेत आजही पाण्याला 'पानी' आणि कानाला 'कान' म्हणतात. मात्र 'रोमा म्हणजेच आपले बंजारा' असं जे व्हॉट्सॲपवर फिरतं, तो थेट धागा सिद्ध झालेला नाही. उगाच फॉरवर्ड करू नका.

आता कपडा. बोहो म्हणून आपल्याला जे विकतात, त्यातलं बरंचसं कच्छच्या रबारी बायकांचं आणि आपल्या लमाण-बंजारा तांड्यांवरचं आहे. फेटिया, कांचळी, आरसे, कवड्या, नाणी. आणि या लोकांचा आपल्या भागाशी संबंध आहे तो मिठाचा.

आपल्याकडे सॉल्ट पॅन रोड आहे. वडाळ्याची मिठागरं जुन्या माणसांना आठवत असतील. रेल्वे नव्हती तेव्हा किनाऱ्यावरचं मीठ घाट चढून देशावर न्यायचं काम लमाणांचे बैल करायचे. लवण म्हणजे मीठ, त्यावरून 'लमाण' झालं असं बरेच जण मानतात. येताना हेच बैल धान्य आणायचे. मोगल असोत, मराठे असोत की इंग्रज, फौजेला दाणागोटा हेच पुरवायचे.

१८६३ ला भोर घाटातून रेल्वे वर गेली. माल डब्यातून जायला लागला आणि बैलांचा धंदा बसला. त्यात १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला, १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. फिरणारा माणूस म्हणजे चोर, असा सरळ हिशोब. पोलिसात हजेरी लावायची, गाव सोडायचं तर परवानगी घ्यायची. देश स्वतंत्र झाला तरी हा कायदा जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडलं. आजही महाराष्ट्राच्या १४ विमुक्त जातींच्या यादीत बंजारा आहेत. शेजारच्या तेलंगणात तेच अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत. माणसं तीच, राज्याची हद्द बदलली की कागद बदलतो.

वसंतराव नाईक याच समाजातले. १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, याचा तांड्यांना आजही अभिमान आहे. पण मराठवाड्यातले कितीतरी तांडे दिवाळीच्या सुमाराला रिकामे होतात, ऊसतोडीला जातात. त्यांचं फिरणं संपलेलं नाही. ते आवडीचं मात्र नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या पेहरावाकडे बघून एकेकाळी पोलीस संशय घ्यायचे, तोच आज 'मुक्त जगण्याची स्टाइल' म्हणून विकला जातो, आणि लेबलवर युरोपातल्या एका प्रांताचं नाव असतं. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला २०१० साली जीआय मानांकन मिळालं. म्हणजे नाव देता येतं, द्यायचं ठरवलं तर.

यंदा घागरा घेताना दुकानदाराला विचारा, हे भरतकाम हाताचं की मशीनचं? कुठल्या बाईने केलं? तिला काय मिळालं? त्याला उत्तर देता आलं तर दोन पैसे जास्त द्या. नाही आलं, तर निदान घासाघीस करताना 'बोहो' म्हणू नका, 'बंजारा' किंवा 'रबारी' म्हणा.

तुमच्या घरात कुणाच्या आजीचा असा कपडा, दागिना असेल तर खाली लिहा. फोटो असेल तर आणखी बरं.