मालिश व नैसर्गिक विश्रांती : कर्जत-खालापूर परिसर

तेल लावून किंवा कोरड्या हाताने अंग चोळणे, रगडणे, चेपणे या क्रियांना मालिश म्हणतात. आयुर्वेदात तेल जिरवण्याला अभ्यंग, चूर्ण चोळण्याला उद्वर्तन आणि हलक्या हाताने अंग चेपण्याला संवाहन अशी निरनिराळी नावे आहेत. बोलीत मात्र ‘तेल लावणे’, ‘अंग रगडून घेणे’, ‘पाय चेपणे’ एवढ्यात सारे येते. रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे तालुके गेल्या काही दशकांत मुंबई-पुण्याच्या माणसांचे विसाव्याचे ठिकाण झाले असून येथील बहुतेक मोठ्या रिसॉर्टांत मालिश ही स्वतंत्र सेवा म्हणून मिळते. या नोंदीचे प्रतिपादन असे की, मालिशीपासून मिळणारी विश्रांती हाताच्या कौशल्यावर जेवढी अवलंबून असते त्याहून अधिक ती मालिशीच्या आधीच्या आणि नंतरच्या काही तासांवर अवलंबून असते. जुन्या घरगुती रीतीत हे तास आपोआप सांभाळले जात. आजच्या तासाभराच्या सेवेत नेमके तेच गळतात.

परिसर : कर्जत तालुका उल्हास नदीच्या आणि खालापूर पाताळगंगेच्या खोऱ्यात, बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेला आहे. टाटांचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावरच्या धरणांतले पाणी या केंद्रांतून खाली सोडले जाते, म्हणून पाताळगंगा आणि पेज या नद्या भर वैशाखातही वाहत्या असतात. नदीकाठी फार्महाऊस आणि रिसॉर्ट दाटीने उभे राहिले, त्यामागे हे बारमाही पाणी हे एक कारण आहे. दुसरे कारण दळणवळणाचे. बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे १०० किलोमीटरवरचे कर्जत हे उपनगरी लोकलचे एक शेवटचे स्थानक आहे, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून जातो.

ग्रंथाधार : चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. त्याच स्थानातील एकविसाव्या अध्यायात झोप न येणाऱ्यासाठी उपाय दिले आहेत. त्यांत अभ्यंग आहे, पण एकटा नाही. त्याच्यासोबत उद्वर्तन, स्नान, दही-भात, दूध, तूप, मनाला रुचणारे गंध आणि ध्वनी, संवाहन आणि सुखाचे अंथरूण यांचाही समावेश आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात अभ्यंग दिनचर्येत घातला आहे. डोके, कान आणि तळपाय यांवर भर दिला आहे. आणि अजीर्ण झालेल्याने, कफाने ग्रासलेल्याने किंवा नुकतीच वमनादी शोधनक्रिया झालेल्याने तो करू नये असेही बजावले आहे. ग्रंथकारांनी मालिशीला जागा दिली ती दिवसाच्या क्रमात. ग्रंथ जुना म्हणून त्यातील प्रत्येक दावा सिद्ध ठरत नाही. मात्र उपाय एकेकटा न सुचवता त्यांची माळ गुंफण्याची त्यांची दृष्टी पुढे दिलेल्या आधुनिक पुराव्याशी चांगली जुळते.

बाळ-बाळंतिणीची मालिश : महाराष्ट्रात, आणि म्हणून या दोन तालुक्यांतही, मालिशीची सर्वांत टिकून राहिलेली परंपरा हीच. तेल लावणारी बाई पाटावर पाय लांब करून बसते, बाळाला नडग्यांवर पालथे घेते आणि कोमट खोबरेल तेल आधी तळहातावर चोळून मगच बाळाच्या पाठीला लावते. हातपाय लांब ओढीने, सांधे गोल फिरवत, पोट अगदी हलक्या हाताने अशी रीत असते. मग डाळीच्या पिठाने तेल उतरवून ऊन पाणी घातले जाते, अंग कोरडे करून बाळाला दुपट्यात गुंडाळले जाते, दूध पाजून अंधाऱ्या खोलीत निजवले जाते. त्यानंतर बाळ दोन-तीन तास गाढ झोपते, आणि घरातली माणसे याचे श्रेय तेलाला देतात. वास्तविक तेल, ऊन पाणी, ऊब, दूध आणि अंधार असे पाच उपाय ओळीने झालेले असतात. बाळंतिणीचेही तसेच. तिला तेल लावण्याबरोबर सव्वा महिन्याची विश्रांती, वेळेवर अन्न आणि दुपारची झोप परंपरेने दिलेली होती. आज पुष्कळ घरांत मालिशवाली बाई ठेवली जाते, पण सव्वा महिन्याची विश्रांती दिली जात नाही. मग मालिश करूनही कंबर दुखते अशी तक्रार होते, तेव्हा उणीव हातात नसून काढून घेतलेल्या विश्रांतीत असण्याचा संभव मोठा. तेलाचा स्वतंत्र गुण मुळीच नाही, असेही म्हणता येत नाही. मुंबईतील रुग्णालयीन अभ्यासात (२००५) खोबरेल तेलाने मालिश झालेल्या कमी दिवसांच्या बाळांचे वजन खनिज तेल लावलेल्या बाळांपेक्षा अधिक वेगाने वाढल्याचे आढळले. परंपरेतील सर्वच गोष्टी मात्र राखण्याजोग्या नाहीत. बाळाच्या नाका-कानात तेल घालणे धोक्याचे आहे, कारण नाकातले तेल फुप्फुसात उतरू शकते. बंद खोलीतील शेगडी आणि धुरी आई आणि बाळ दोघांनाही घातक ठरू शकते.

आधुनिक पुरावा : मालिशीने दुखणे आणि धास्ती काही काळ कमी होते याला बऱ्यापैकी आधार आहे. कंबरदुखीवरील अभ्यासांचा कोक्रेन आढावा (२०१५) अल्पकाळ आराम मान्य करतो, पण पुराव्याचा दर्जा कमी ठरवतो. मालिशीने कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक झपाट्याने उतरते, असे जाहिरातींत सर्रास सांगितले जाते. २०११ च्या सर्वंकष आढाव्यात हा परिणाम जवळजवळ शून्य आढळला. याउलट ऊन पाण्याच्या स्नानाबद्दल २०१९ चा आढावा अधिक ठोस आहे : ४० ते ४२.५ अंश सेल्सिअसच्या पाण्याने, निजण्याच्या एक ते दोन तास आधी, दहा मिनिटे स्नान केले तरी झोप लवकर लागते. कारण असे की, ऊन पाण्याने हातापायांकडे रक्त येते, मग शरीराची आतली उष्णता बाहेर पडते, आणि आतले तापमान उतरणे हीच झोपेची पूर्वतयारी असते. दिवाळीतल्या नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानात आणि बाळाच्या न्हाणात तेलापाठोपाठ ऊन पाणी ठेवणाऱ्यांना हे शरीरशास्त्र ठाऊक नव्हते. क्रम मात्र त्यांनी अचूक पकडला होता. म्हणून मालिशीचा पुरेपूर लाभ हवा असेल तर ती संध्याकाळी, जेवणाआधी घ्यावी, पुढे ऊन पाण्याने न्हावे, हलके जेवावे आणि त्यानंतर कामाचा फोन उघडू नये. भर दुपारी मालिश करून लगेच गाडीत बसून घाट चढणाऱ्याला यातले थोडेच मिळते.

‘दुखलं तरच गुण येतो’ ही समजूत येथेही पक्की आहे. स्नायू आकसून प्रतिकार करू लागला की हाताने ओलांडू नये ती मर्यादा ओलांडली गेली, असे समजावे. घेणाऱ्याने ‘हळू’ म्हणणे हा मालिशवाल्याचा अपमान नाही. त्यावाचून त्याला नेमका जोर कळतही नाही.

काशाची वाटी : तळपायाला तूप किंवा तेल लावून काशाच्या वाटीने घासण्याचा हा उपाय घरोघरी परिचित आहे. कासे म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. घासता घासता तळवा काळसर पडतो आणि ‘अंगातली उष्णता बाहेर आली’ असे म्हणतात. काळेपणा तेल आणि घासला जाणारा धातू यांपासून येतो, त्यामुळे तो उष्णतेचे माप ठरू शकत नाही. तरीही उपाय टाकाऊ नाही. तळव्याची त्वचा संवेदनशील असते, वाटीचा दाब सावकाश आणि एकसुरी असतो, आणि पाय चेपून घेणारा माणूस तेवढा वेळ उठून कोठे जात नाही. गुणाची ही साधी कारणे पुरेशी आहेत. त्यासाठी खोट्या कारणाचा आधार लागत नाही.

माथेरान : विश्रांतीचे ठिकाण म्हणून या परिसरातील सर्वाधिक नोंदी कर्जत तालुक्यातील माथेरानच्या मिळतात. ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट १८५० मध्ये या डोंगरावर आले आणि पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात गिरिस्थान आकाराला आले. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली नेरळ-माथेरान छोटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. डोंगरमाथा सुमारे ८०० मीटर उंच आहे. गावात मोटारींना बंदी असून वाहने दस्तुरी नाक्यावरच थांबतात. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित झाला. माथेरानचे महत्त्व असे की, येथे झोप सुधारते ती कोणा मालिशवाल्यामुळे नव्हे. दिवसभर लाल मातीतून चालणे होते, हवा तळापेक्षा थंड असते, रात्री हॉर्न वाजत नाहीत आणि झाडीमुळे अंधार खरा असतो. उन्हाळ्यात मुक्कामाला येणाऱ्यांना हे सारे सलग बरेच दिवस मिळे. अर्थात पाहुण्याच्या या निवांतपणासाठी हातरिक्षा ओढणारे आणि घोडेवाले चढ-उतारावर घाम गाळत आले आहेत, हेही नोंदवले पाहिजे.

शवासन : खोपोलीहून घाट चढून गेल्यावर लोणावळ्यात स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी आरंभली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये शवासनाचा रक्तदाबावरील परिणाम प्रसिद्ध केला. उताणे पडून श्वासाकडे लक्ष देत अंग सैल सोडणे, एवढीच ही क्रिया. तिला तेल लागत नाही, पैसे लागत नाहीत, दुसरा माणूस लागत नाही. मालिशीनंतर पंधरा मिनिटे असे पडून राहिल्यास तिचा आराम टिकण्यास मदत होते, असे मानण्यास जागा आहे.

एका रात्रीची सहल : ‘गावची हवाच झोप आणते, मग क्रमाचा एवढा काथ्याकूट कशाला?’ असा आक्षेप घेता येईल. परंतु अनोळखी जागी पहिल्या रात्री झोप उथळ लागते, हे निद्राशास्त्रात १९६० च्या दशकापासून माहीत आहे. ब्राउन विद्यापीठातील २०१६ च्या संशोधनात तर पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्यापेक्षा कमी गाढ झोपतो, जणू पहारा देतो, असे दिसले; पुढच्या मुक्कामात हा फरक ओसरतो. म्हणजे शनिवारी येऊन रविवारी परतणारा पाहुणा नेमकी सर्वांत वाईट रात्र विकत घेतो. त्यात मद्य, उशिरापर्यंतचे जेवण आणि ध्वनिवर्धक यांची भर पडली तर हवेचा काय उपयोग? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला मनाई आहे. या नियमाचे पालन हा या परिसरातील सर्वांत स्वस्त निद्रोपचार ठरेल. दुसरा आक्षेप उलट बाजूचा : परिणाम अल्पकालीन आहे, तर मालिशीवर खर्च का करावा? त्याला उत्तर असे की, दुखऱ्या पाठीला एका संध्याकाळचा आराम हीही खरी गोष्ट आहे. फक्त तिच्याकडून जुनाट निद्रानाश बरा होण्याची अपेक्षा धरू नये. त्यासाठी उठण्याची ठरलेली वेळ, झोप येत नसेल तर अंथरूण सोडणे, अशा सवयींवर आधारलेला वर्तनोपचार अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये पहिला उपाय म्हणून सुचवला. मोठ्याने घोरणाऱ्याने आणि झोपेत श्वास अडकणाऱ्याने मालिशवाल्याऐवजी डॉक्टर गाठावा.

वनौषधी : निर्गुडीचा पाला पाण्यात उकळून शेकणे आणि न्हाणे, तसेच करंजाचे तेल वापरणे ठाकूर आणि कातकरी समाजांत रूढ आहे. कशेळे (ता. कर्जत) येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सेसने येथील वनौषधींवर काम केले आहे.

निषिद्धे : ताप, उघडी जखम, हाड मोडल्याची शंका, एकाच पोटरीला आलेली सूज (रक्ताची गुठळी असू शकते), पाठदुखीबरोबर पायाला बधिरता. अशा वेळी मालिश करू नये. मान झटक्याने वळवून कडकड वाजवून घेऊ नये. मानेतील रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

पैलवानी मालिश : पहा ‘कुस्ती’, ‘तालीम’.

स्थानिकांची विश्रांती : या विषयावर बोलताना ज्याचा विचार सर्वांत कमी होतो, तो येथला रहिवासी. पहाटेची लोकल गाठणारा कर्जतचा नोकरदार, पाळ्यांत काम करणारा खोपोलीचा कामगार, दिवसभर दुसऱ्यांची अंगे रगडून संध्याकाळी स्वतःचे दुखरे अंगठे चोळणारी रिसॉर्टातील मुलगी, यांना विश्रांतीची गरज पाहुण्याइतकीच, बहुधा अधिक आहे. पाळीवाल्याला दिवसा खोली अंधारी करणे, झोपेच्या तासांत घरच्यांनी हाक न मारणे आणि कामावरून आल्यावर ऊन पाणी मिळणे, हे उपाय बिनखर्चाचे आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीतली अनेक माणसे झोपेत होती. सुरक्षित छप्पर ही झोपेची पहिली अट आहे. तेल, पाणी आणि अंधार यांचा क्रम तिच्यानंतर सुरू होतो. विश्रांतीचा परिसर म्हणून कर्जत-खालापूरची ओळख पुरी व्हायची, तर ही अट येथल्या प्रत्येक वाडीला मिळाली पाहिजे.